अंश दाखविला, छेद कोठे आहे?

७ मे २०१६ रोजी अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात विलिस्टन गावाजवळच्या महामार्गावर टेस्ला कंपनीची एक मोटार आडव्या जाणाऱ्या मालट्रकच्या ट्रेलरखाली शिरली आणि तिचा चालक ठार झाला. मोटारीतील ‘ऑटोपायलट’ ही चालक-साहाय्य यंत्रणा त्या वेळी चालू होती. उजळ आकाशाच्या पार्श्वभूमीवर ट्रेलरची पांढरी बाजू यंत्रणेलाही दिसली नाही आणि चालकालाही दिसली नाही, असे कंपनीने जाहीर केले. त्याच निवेदनात कंपनीने एक हिशेबही मांडला. ऑटोपायलट चालू असताना १३ कोटींहून अधिक मैल प्रवास झाला असून त्यातील हा पहिलाच ज्ञात मृत्यू आहे. उलट अमेरिकेतील सर्व वाहने धरली तर दर ९ कोटी ४० लाख मैलांमागे एक मृत्यू घडतो, आणि साऱ्या जगात दर ६ कोटी मैलांमागे एक. तेरा हे नऊपेक्षा आणि सहापेक्षा मोठे आहेत, म्हणून यंत्रणा माणसापेक्षा सुरक्षित आहे, हा त्या हिशेबाचा मथितार्थ.

हा युक्तिवाद सोपा होता आणि म्हणूनच तो जगभर पसरला. तेव्हापासून चालक-साहाय्य यंत्रणांविषयीचा वाद प्रामुख्याने आकड्यांच्या भाषेत लढला जात आहे. ही एका अर्थाने चांगलीच गोष्ट आहे. एखाद्या अपघाताचे चित्रीकरण पाहून यंत्रणेला खुनी ठरवावे किंवा एखाद्या बचावाची हकीकत ऐकून तिला देवदूत मानावे, त्यापेक्षा मोजमाप केव्हाही श्रेयस्कर. परंतु मोजमाप म्हणजे काय, हा प्रश्न त्यामुळे सुटत नाही. तो खऱ्या अर्थाने तेथेच सुरू होतो. प्रत्येक दर हा अपूर्णांक असतो. त्याला वरचा अंश असतो, तसा खालचा छेदही असतो. अपघात झाला की अंश सर्वांना दिसतो. छेद, म्हणजे कोण, कोठे आणि किती चालले याची नोंद, मात्र बहुधा दिसत नाही. मोटारीतील यंत्रणांच्या बाबतीत तर ती नोंद ज्याला यंत्रणा विकायची आहे त्याच्याच तिजोरीत असते. या वादाची मेख येथे आहे.

एका मृत्यूचे गणित

प्रथम १३ कोटी मैलांचाच हिशेब तपासावा. एका घटनेवरून दर काढणे म्हणजे एका विद्यार्थ्याच्या उत्तरपत्रिकेवरून साऱ्या वर्गाचा निकाल लावणे. त्या १३ कोटी मैलांत योगायोगाने आणखी एक मृत्यू घडला असता तर सरासरी एकदम साडेसहा कोटींवर उतरली असती आणि अमेरिकेच्या राष्ट्रीय सरासरीपेक्षा यंत्रणा वाईट ठरली असती. संख्याशास्त्राच्या रूढ नियमाने पाहिले तर अशा एका घटनेवरून एवढेच म्हणता येते, की खरा दर दर २ कोटी ३३ लाख मैलांमागे एक मृत्यू येथपासून दर ५१३ कोटी मैलांमागे एक मृत्यू येथपर्यंत कोठेही असू शकेल. यंत्रणा माणसाच्या चौपट धोकादायक असण्याची शक्यता या आकड्यात सामावते, तशीच ती पन्नासपट सुरक्षित असण्याचीही. ज्या आकड्यातून दोन्ही निष्कर्ष निघू शकतात तो आकडा पुरावा म्हणून निरुपयोगी आहे.

किती मैल चालल्यावर खात्रीने बोलता येईल, याचे उत्तर अमेरिकेतील रँड या संशोधन संस्थेच्या निधी कालरा आणि सुसान पॅडॉक यांनी त्याच वर्षी, म्हणजे २०१६ मध्ये दिले होते. अमेरिकेत मानवी चालकांचा मृत्युदर तेव्हा दर दहा कोटी मैलांमागे १.०९ असा धरला जात होता. स्वयंचलित मोटारींचा दर त्याहून अधिक नाही, असे ९५ टक्के खात्रीने म्हणायचे असेल तर त्या मोटारींनी २७ कोटी ५० लाख मैल एकही प्राणांतिक अपघात न होता कापले पाहिजेत. शंभर मोटारी वर्षाचे ३६५ दिवस, दिवसाचे चोवीस तास, ताशी २५ मैल वेगाने फिरत ठेवल्या तर या कामाला साडेबारा वर्षे लागतील. आणि यंत्रणा माणसाइतकीच सुरक्षित आहे एवढेच त्यातून सिद्ध होईल. ती माणसाहून सरस आहे हे दाखवायला याच्या अनेकपट मैल हवेत. मृत्यू ही, सुदैवाने, विरळ घटना आहे. म्हणूनच तिच्यावरून घाईने काढलेले निष्कर्ष फसवे ठरतात.

सारख्याची सारख्याशी तुलना

पुढे मैल वाढले. २०१८ च्या ऑक्टोबरपासून टेस्ला कंपनी दर तिमाहीला अपघातांचे आकडे प्रसिद्ध करू लागली. पहिल्याच तिमाहीचा दावा असा, की ऑटोपायलट चालू असताना दर ३३ लाख ४० हजार मैलांमागे एक अपघात झाला, ऑटोपायलट बंद असताना दर १९ लाख २० हजार मैलांमागे एक, आणि अमेरिकेतील सर्वसाधारण वाहनांच्या बाबतीत दर ४ लाख ९२ हजार मैलांमागे एक. आता घटना विरळ राहिल्या नव्हत्या. तरीही हिशेबातला दोष गेला नव्हता, कारण तो लहान संख्येचा दोष नव्हताच. तो तुलनेचा होता.

ऑटोपायलट मुख्यतः महामार्गांवर वापरला जात असे. महामार्गावर चौक नाहीत, पादचारी नाहीत, समोरून येणारी वाहने दुभाजकापलीकडे असतात. त्यामुळे मैलामागे अपघात तेथे मुळातच कमी होतात. दुसऱ्या बाजूला असलेल्या राष्ट्रीय सरासरीत मात्र गल्लीबोळ, चौक, शाळांचे रस्ते, बर्फाळ घाट, जुनी वाहने आणि नवशिके चालक असे सारे एकत्र आले होते. अमेरिकेतील रस्त्यांवरची मोटार सरासरीने बारा वर्षांहून अधिक जुनी असते. तिची तुलना दोन-तीन वर्षांच्या, महागड्या, साऱ्या आधुनिक संरक्षक साधनांनी युक्त अशा मोटारीशी करायची आणि मिळालेला सगळा फरक एकट्या ऑटोपायलटच्या खाती जमा करायचा, हा हिशेब कोणत्याही लेखापरीक्षकाच्या नजरेतून सुटू नये.

हा दोष किती मोठा असू शकतो हे एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, साध्या मोटारींना द्रुतगती मार्गावर दर लाख किलोमीटरमागे १ अपघात होतो आणि शहरात ५. यंत्रणा बसविलेल्या मोटारी दोन्ही ठिकाणी वीस टक्क्यांनी वाईट आहेत असे धरू. म्हणजे त्यांचे आकडे अनुक्रमे १.२ आणि ६. आता दोन्ही प्रकारच्या मोटारी एकूण शंभर-शंभर लाख किलोमीटर चालल्या. यंत्रणेच्या मोटारी त्यांपैकी ९० लाख द्रुतगती मार्गावर व १० लाख शहरात चालल्या. त्यांचे अपघात १०८ अधिक ६०, म्हणजे १६८. साध्या मोटारी ३० लाख द्रुतगती मार्गावर व ७० लाख शहरात चालल्या. त्यांचे अपघात ३० अधिक ३५०, म्हणजे ३८०. प्रत्येक रस्त्यावर वाईट ठरलेली यंत्रणा एकूण बेरजेत दुपटीहून अधिक सुरक्षित दिसू लागली! यात कोणी एकही खोटा आकडा लिहिलेला नाही. बेरीज बरोबर आहे, भागाकार बरोबर आहे. फक्त निष्कर्ष उलटा आहे.

हे केवळ कागदावरचे कोडे नव्हे. व्हर्जिनिया राज्यातील वाहतूक संशोधन परिषदेचे संशोधक नोआ गुडॉल यांनी टेस्लाच्या प्रसिद्ध आकड्यांना रस्त्याचा प्रकार आणि चालकांचे वय यांची जोड देऊन ते पुन्हा मांडले, तेव्हा ऑटोपायलटच्या खाती दिसणारा लाभ जवळजवळ नाहीसा झाला. यावरून ऑटोपायलट धोकादायक होता असे सिद्ध होत नाही. जाहिरातीतील फरकाचा मोठा भाग यंत्रणेने नव्हे तर रस्त्याने आणि चालकाच्या वयाने घडविलेला होता, एवढे मात्र निश्चित दिसते.

अपघात म्हणजे काय?

छेदाप्रमाणे अंशाचेही कोडे आहे. टेस्लाच्या मोजणीत साधारणतः एअरबॅग उघडण्याइतका मोठा आघात झाला तरच अपघात धरला जाई. राष्ट्रीय आकड्यांत पोलिसांकडे नोंदलेल्या किरकोळ धडकाही येतात. दोन भिन्न मापांनी मोजलेल्या कापडांची लांबी शेजारी शेजारी लिहून त्यांची तुलना करण्यातला हा प्रकार.

त्याहून सूक्ष्म प्रश्न वेळेचा आहे. या यंत्रणांचा स्वभाव असा, की परिस्थिती अवघड झाली की त्या चालकाला हाक मारतात आणि सुकाणू त्याच्या हाती देतात, किंवा चालकच घाबरून ते हाती घेतो. त्यानंतर दोन सेकंदांनी धडक झाली तर तो अपघात कोणाचा? सोपा रस्ता यंत्रणेच्या खाती आणि अवघड क्षण माणसाच्या खाती, अशी वाटणी झाली तर माणूस कायमच नापास होणार. टेस्लाने आधीच्या पाच सेकंदांत यंत्रणा चालू असल्यास अपघात तिच्या नावे धरण्याचा नियम ठेवला. अमेरिकेच्या राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाने जून २०२१ मध्ये काढलेल्या आदेशात ही मर्यादा तीस सेकंदांची ठेवली. कोणती मर्यादा योग्य यावर तज्ज्ञांनी वाद घालावा. पण ती कोणी ठरवावी, याबद्दल वाद असू नये. परीक्षार्थीने उत्तीर्ण होण्याचे गुण स्वतः ठरविण्याची प्रथा कोणत्याही विद्यापीठात नाही.

सरकारी शिक्क्याचा धडा

येथे कोणी म्हणेल, की कंपनीवर विश्वास नसेल तर सरकारी यंत्रणेवर ठेवावा. त्या बाबतीतही एक बोधप्रद प्रकरण घडले आहे. फ्लोरिडातील अपघाताची चौकशी याच प्रशासनाने जानेवारी २०१७ मध्ये बंद केली, तेव्हा त्याच्या अहवालात असे नमूद होते, की मोटारींमध्ये स्वयंचलित सुकाणू बसविल्यानंतर अपघातांचा दर दर दहा लाख मैलांमागे १.३ वरून ०.८ वर, म्हणजे जवळजवळ ४० टक्क्यांनी घसरला. सरकारी शिक्का बसताच हा आकडा वृत्तपत्रांतून आणि कंपनीच्या प्रचारातून सर्वत्र फिरला.

क्वालिटी कंट्रोल सिस्टिम्स या लहानशा संख्याशास्त्रीय संस्थेने मूळ माहिती मागितली. ती सहजासहजी मिळाली नाही; अमेरिकेच्या माहिती स्वातंत्र्य कायद्याखाली न्यायालयात जावे लागले. अखेर माहिती हाती आल्यावर २०१९ च्या फेब्रुवारीत संस्थेने आपला अहवाल प्रसिद्ध केला. हिशेबात ४३,७८१ मोटारी होत्या. पण स्वयंचलित सुकाणू बसविण्यापूर्वी आणि नंतर मोटार नेमके किती मैल चालली याची पूर्ण नोंद अवघ्या ५,७१४ मोटारींची होती. उरलेल्यांपैकी अनेकांचे अपघात मोजले गेले, मैल मात्र गळले. अंश राहिला, छेद कापला गेला. पूर्ण नोंद असलेल्या ५,७१४ मोटारींपुरते पाहिले तर अपघातांचा दर घटला नव्हता. तो ५९ टक्क्यांनी वाढला होता. तत्पूर्वी २०१८ मध्ये प्रशासनानेही आपली तुलना वरवरची होती आणि यंत्रणेची परिणामकारकता आपण तपासली नव्हती, असे स्पष्ट केले होते. तोवर चाळीस टक्क्यांच्या आकड्याने आपले काम केलेले होते.

५९ टक्के हा आकडाही डोळे मिटून स्वीकारण्याजोगा नाही. एकूण गटाच्या सातव्या-आठव्या हिश्श्यावरून काढलेला तो निष्कर्ष आहे. परंतु ‘चाळीस टक्के घट’ आणि ‘एकोणसाठ टक्के वाढ’ हे दोन्ही निष्कर्ष एकाच माहितीच्या गठ्ठ्यातून निघू शकले, ही गोष्ट विसरता कामा नये. जी माहिती सार्वजनिक हिताच्या निर्णयाचा आधार बनते ती दोन वर्षे कोर्टकचेरी केल्याशिवाय पाहायला मिळू नये, हे तर त्याहून गंभीर.

टीकाकारांचीही तीच चूक

आकड्यांचा असा गैरवापर फक्त विक्रेतेच करतात, असे नव्हे. २०२१ च्या आदेशानुसार गोळा झालेली पहिली माहिती जून २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. सुमारे दहा महिन्यांत चालक-साहाय्य यंत्रणा चालू असतानाचे ३९२ अपघात नोंदले गेले होते आणि त्यांपैकी २७३ टेस्लाच्या मोटारींचे होते. लगेच ‘सत्तर टक्के अपघात एकाच कंपनीचे’ असे मथळे झळकले. पण त्या कंपनीच्या किती मोटारी अशा यंत्रणेसह रस्त्यावर होत्या? त्या किती मैल चालल्या? शिवाय या कंपनीच्या मोटारी अपघाताची वार्ता बिनतारी मार्गाने आपोआप कारखान्याला कळवीत. इतर अनेक कंपन्यांना अपघात झाल्याचे कळायचे तर ग्राहकाच्या तक्रारीची वाट पाहावी लागे. जो प्रामाणिकपणे मोजतो त्याचाच आकडा मोठा दिसतो, हा अनुभव साथीच्या रोगांची गणना करणाऱ्या आरोग्य खात्यांनाही नवा नाही. हे आकडे कंपन्यांच्या तुलनेसाठी वापरू नयेत, असा इशारा प्रशासनाने स्वतःच दिला होता. छेदावाचून केलेली निंदा ही छेदावाचून केलेल्या स्तुतीइतकीच पोकळ असते.

योग्य रीत उपलब्ध आहे

मग आकड्यांवरून काहीच ठरत नाही, असे म्हणायचे काय? मुळीच नाही. वाहन-सुरक्षेच्या इतिहासात आकड्यांनी अनेकदा स्पष्ट कौल दिला आहे, आणि तो नेहमी अपेक्षेप्रमाणे लागलेला नाही.

चाके जाम होऊ न देणारे ब्रेक १९८०च्या दशकात आले, तेव्हा चाचणीच्या मैदानावर त्यांनी सर्वांना थक्क केले. परंतु म्युनिक शहरातील टॅक्सींचा अभ्यास झाला, तेव्हा असे ब्रेक असलेल्या टॅक्सींचे अपघात कमी झालेले आढळले नाहीत. चालक अधिक धीट होऊन गाडी हाकू लागले होते. अर्थशास्त्रज्ञ सॅम पेल्ट्झमन यांनी १९७५ मध्येच असा सिद्धांत मांडला होता, की सुरक्षिततेचा काही भाग माणूस वेगात खर्च करतो आणि त्याचा भुर्दंड पादचाऱ्यांवर पडतो. हा सिद्धांत त्यांनी फार ताणला, हे पुढे दिसून आले. आसनपट्ट्यांनी निःसंशय प्राण वाचविले. पण प्रश्न रास्त होता. याउलट, घसरणारी मोटार सावरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा आली, तेव्हा तिने एकाच वाहनाच्या प्राणांतिक अपघातांचा धोका सुमारे निम्म्याने घटविल्याचे दिसले आणि २०१२ च्या मॉडेलपासून अमेरिकेत ती सक्तीची झाली.

चालक-साहाय्याच्या बाबतीतही हाच विवेक उपयोगी पडतो. पुढच्या वाहनावर आदळण्याची वेळ आली की आपोआप लागणारे ब्रेक आणि तासन्‌तास मोटार मार्गिकेत ठेवणारी यंत्रणा, या दोन्हींना एकाच नावाखाली विकले जाते. वस्तुतः त्या वेगळ्या गोष्टी आहेत. अमेरिकेतील विमा कंपन्यांच्या महामार्ग सुरक्षा संस्थेने एकाच मॉडेलच्या, ब्रेक-यंत्रणा असलेल्या आणि नसलेल्या मोटारींची तुलना केली. मागून धडकण्याचे अपघात निम्म्याने कमी झाल्याचे तिला आढळले. पादचाऱ्यांना ओळखणाऱ्या ब्रेकांनी पादचाऱ्यांचे अपघात २७ टक्क्यांनी घटविले, पण दिवे नसलेल्या रस्त्यावर रात्री त्यांचा काहीच उपयोग झाला नाही, हेही त्याच संस्थेने नोंदविले. याला म्हणतात पुरावा. तो यंत्रणा कोठे उपयोगी पडते हे सांगतो आणि कोठे पडत नाही हेही लपवीत नाही.

याच संस्थेने २०२४ मध्ये अंशतः स्वयंचलित यंत्रणांची, म्हणजे वेग व मार्गिका दोन्ही सांभाळणाऱ्या पण चालकाने सतत लक्ष ठेवणे ज्यात आवश्यक असते अशा यंत्रणांची पाहणी केली, तेव्हा त्यांच्यामुळे अपघात कमी होतात याला तिला पुरेसा आधार सापडला नाही. त्याच वर्षी तिने अशा चौदा यंत्रणा चालकाचे लक्ष कितपत टिकवून धरतात याची परीक्षा घेतली. अकरा ‘वाईट’ ठरल्या आणि फक्त एक ‘स्वीकारार्ह’. माणसाला काम न देता जागे राहायला सांगणे ही अवघड मागणी आहे. डिसेंबर २०२३ मध्ये टेस्लाला वीस लाखांहून अधिक मोटारींमधील सॉफ्टवेअर बदलावे लागले, ते चालकाच्या लक्षावर यंत्रणेची देखरेख अपुरी असल्याच्या कारणावरूनच. एप्रिल २०२४ मध्ये ती चौकशी संपली तेव्हा प्रशासनाने ९५६ अपघात तपासले होते आणि त्यांपैकी किमान तेरा प्राणांतिक होते.

थांबण्याचीही किंमत असते

या साऱ्यावर एक आक्षेप येतो आणि तो दुर्लक्ष करण्याजोगा नाही. २०२३ मध्ये एकट्या अमेरिकेत ४०,९०१ माणसे रस्त्यावर मेली. परिपूर्ण पुराव्याची वाट पाहत बसायचे तर तोवर मरणाऱ्यांची जबाबदारी कोणाची? रँड संस्थेच्याच २०१७ मधील एका अभ्यासाने असे दाखविले, की पूर्ण स्वयंचलित मोटारी माणसापेक्षा थोड्या जरी सरस झाल्या तरी त्या लवकर रस्त्यावर आणल्याने, परिपूर्णतेची वाट पाहण्यापेक्षा, दीर्घकाळात अधिक प्राण वाचू शकतात.

आक्षेपाचा गाभा मान्य केला पाहिजे. विलंबालाही बळी असतात. ते वृत्तपत्रात येत नाहीत एवढेच. परंतु या युक्तिवादाची पहिली अट विसरून चालणार नाही: मोटार ‘थोडी तरी सरस’ असली पाहिजे. ती सरस आहे की नाही हेच तर ठरवायचे आहे. पुरावा नसताना परवानगी देणे आणि पुरावा गोळा करण्याच्या अटीवर परवानगी देणे, यांत महदंतर आहे. नवे औषध बाजारात आल्यावरही त्याच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणे उत्पादकाला भाग असते. मग दीड-दोन टन वजनाच्या आणि ताशी शंभर किलोमीटर वेगाने धावणाऱ्या यंत्राला ही शिस्त का नसावी? शिवाय औषध घेणारा स्वतःच्या मर्जीने घेतो. रस्ता ओलांडणाऱ्या म्हातारीला समोरच्या मोटारीतील सॉफ्टवेअरसाठी कोणी संमती विचारलेली नसते.

आपल्याकडचा छेद

हा सारा वाद सातासमुद्रापलीकडचा म्हणून सोडून देण्याची सोय आता उरलेली नाही. २०२० पासून अशा यंत्रणांनी युक्त मोटारी भारतात विकल्या जात आहेत आणि ‘लेव्हल टू’ हे शब्द मराठी जाहिरातींतही रुळले आहेत. २०२५ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने बस आणि अवजड मालवाहू वाहनांत स्वयंचलित आपत्कालीन ब्रेक, मार्गिका सोडल्याचा इशारा आणि चालकाला डुलकी लागल्याचा इशारा देणारी साधने सक्तीची करण्याचा मसुदा काढला. आपत्कालीन ब्रेकांमागचा पुरावा पाहता मसुद्याची दिशा योग्यच आहे.

मात्र परदेशातील यश येथे जसेच्या तसे उतरेल, असे मानण्यास आधार नाही. मंत्रालयाच्याच अहवालानुसार २०२२ मध्ये देशात ४,६१,३१२ अपघात झाले आणि १,६८,४९१ माणसे मेली. मृतांपैकी ४४.५ टक्के दुचाकीस्वार होते आणि १९.५ टक्के पादचारी. म्हणजे दर तीन बळींपैकी जवळजवळ दोघे मोटारीच्या बाहेरचे. मोटारीतील माणसाच्या एअरबॅगवरून मोजलेली सुरक्षितता या दोघांविषयी काहीच सांगत नाही. अंधाऱ्या रस्त्यावर पादचारी न ओळखणारा ब्रेक, पुसट झालेले मार्गिकांचे पट्टे, उलट दिशेने येणारी दुचाकी, दिव्याविना उभा ट्रॅक्टर या सर्वांची परीक्षा येथेच घ्यावी लागेल.

आणि येथे छेद तर दूरच, अंशही अपुरा आहे. २०२२ च्या आकड्यांनुसार आपल्याकडे दर शंभर नोंदलेल्या अपघातांमागे ३६.५ मृत्यू होतात. अमेरिकेत वर्षाला सुमारे साठ लाख नोंदलेल्या अपघातांमागे चाळीस-बेचाळीस हजार, म्हणजे शंभरामागे एकाहूनही कमी. आपले अपघात एवढे अधिक घातक आहेत असा याचा अर्थ सर्वस्वी नव्हे; आपल्याकडचे बहुसंख्य किरकोळ अपघात पोलिसांच्या वहीपर्यंत पोहोचतच नाहीत, हाही त्याचा अर्थ आहे. कोणते वाहन वर्षाला किती किलोमीटर चालते, हे तर कोठेच पद्धतशीर नोंदले जात नाही.

तरीही आरंभ करण्यास फार मोठ्या खर्चाची गरज नाही. अपघातांच्या संगणकीय नोंदीची राष्ट्रीय पद्धत २०२१ पासून महाराष्ट्रासह सहा राज्यांत प्रथम सुरू झाली. तिच्या प्रपत्रात वाहनात कोणती चालक-साहाय्य यंत्रणा होती आणि धडकेपूर्वीच्या तीस सेकंदांत ती चालू होती काय, हे दोन रकाने असावेत. विम्याच्या नूतनीकरणाच्या वेळी मोटारीच्या मीटरवरील किलोमीटर नोंदणे सक्तीचे व्हावे. वापरावर आधारित विम्याला २०२२ मध्ये परवानगी मिळाल्यापासून काही विमा कंपन्या ते करीतच आहेत. यंत्रणा विकणाऱ्या प्रत्येक कंपनीने ती चालू असताना व बंद असताना कोणत्या प्रकारच्या रस्त्यावर किती किलोमीटर प्रवास झाला, याचा तपशील वाहनधारकाची ओळख वगळून दरवर्षी मंत्रालयाला द्यावा आणि मंत्रालयाने तो विद्यापीठांतील संशोधकांना विनासायास उपलब्ध करावा. माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करून, अपिले करून आणि मग न्यायालयाची पायरी चढून तो मिळवावा लागू नये.

तोवर एखाद्या मोटारीच्या जाहिरातीत ‘इतके टक्के अधिक सुरक्षित’ असे वाक्य आढळले तर ग्राहकाने तीन साधे प्रश्न विचारावेत: कोणत्या रस्त्यांवर, कोणाच्या तुलनेत आणि मोजले कोणी? विक्रेत्याजवळ त्यांची उत्तरे नसतील तर त्या टक्क्यांना मोटारीच्या रंगाहून अधिक किंमत देण्याचे कारण नाही. सरकारला मात्र प्रश्न विचारून थांबता येणार नाही. बस आणि मालमोटारींविषयीचा नियम अंमलात येईल त्याच दिवसापासून मोजणीही सुरू झाली पाहिजे. अन्यथा पाच वर्षांनी या साधनांनी किती प्राण वाचविले असे लोकसभेत कोणी विचारले, तर त्याचे उत्तर कंपन्यांच्या पत्रकातून वाचून दाखवावे लागेल.